मदत हवी आहे: शॅडोरनचं सिॲटल घरच्या टेबलावर कसं उतरवावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही पाच जण सिॲटलच्या आसपास राहतो, सगळे मराठी. दर शुक्रवारी जेवणं उरकली की आमच्या डायनिंग टेबलावर खेळायला बसतो. मी, बायको, दोन मित्र आणि त्यातल्या एकाची कॉलेजात जाणारी मुलगी. खेळ मराठीतूनच चालतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट घडवायची, असे हे खेळ. आतापर्यंत किल्ले-तळघरं-तलवारीवाले खेळलो. या महिन्यात शॅडोरन सुरू केला आणि गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी आहे.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शिकागोच्या फासा (FASA) कंपनीने १९८९ साली काढलेला हा खेळ. त्याची गोष्ट २०५० मध्ये घडते. तिच्यात आधी २०११ च्या डिसेंबरात जादू जगात परत येते आणि जपानमध्ये बुलेट ट्रेनच्या खिडकीतून प्रवाशांना फुजी पर्वताजवळ ड्रॅगन दिसतो. माणसांच्या पोटी एल्फ आणि ड्वार्फ जन्मतात. २०२१ मध्ये तर साध्या माणसांचे बघता बघता ऑर्क आणि ट्रोल होतात. दुसरीकडे कंपन्या सरकारांना जुमानेनाशा झालेल्या. खेळाडू असतात शॅडोरनर, म्हणजे या कंपन्यांची एकमेकांविरुद्धची चोरटी कामं पैसे घेऊन करणारी माणसं. यातल्या बहुतेकांकडे 'सिन', म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, नसतो. क्रमांक नाही म्हणजे कागदोपत्री तुम्ही नाहीच. हे समजावायला मला एक वाक्यही लागलं नाही, कारण आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी एका कागदासाठी महिनोन्महिने वाट बघितलेली आहे.

माझ्याकडे १९९० चं सिॲटल सोर्सबुक, म्हणजे खेळातल्या शहराचं माहितीपुस्तक, आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं, कडा झिजल्यात, पण नकाशा शाबूत आहे. मला हे पुस्तक मनापासून आवडतं. यात एकच ठरलेली गोष्ट नाही, एक अख्खं शहर आहे. हॉटेलं, दवाखाने, बार, कचेऱ्या, प्रत्येकाचा पत्ता, आणि मजकुराच्या मध्ये मध्ये त्या जगातल्या शॅडोरनरांनी मारलेले शेरे. वर अधिकृत माहिती म्हणते की अमुक भाग सुरक्षित आहे, आणि खाली कुणीतरी लिहितो की रात्री नवानंतर तिकडे फिरकू नका.

आता अडचण. पहिल्या शुक्रवारी मी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चिवड्याचे डबे ठेवले आणि वाचायला लागलो. पाऊण तास वाचत होतो. बायको ऐकत होती, मित्र ऐकत होते, पण मान वर केली तेव्हा मुलीने बारा फासे एकावर एक रचून मनोरा केला होता आणि त्याच्याकडेच बघत बसली होती. खेळ सुरूच झाला नाही.

दुसऱ्या शुक्रवारी न वाचता थेट सुरुवात केली, तर वेगळंच. पुस्तकातलं रेडमंड म्हणजे 'बॅरन्स', उजाड वस्ती. पडकी घरं, टोळ्या, आणि 'ग्लो सिटी' नावाचा अणुभट्टीच्या अपघातानंतर टाकून दिलेला भाग. खऱ्या रेडमंडला १९८६ पासून मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे आणि माझी बायको रोज तिकडे कामाला जाते. एका मित्राचं घरही तिथलंच. त्याने विचारलं, "या नकाशावर माझं घर कुठे?" झालं! अर्धा तास सगळे नकाशावर वाकून आपापलं घर, मुलांची शाळा, इंडियन ग्रोसरीचं दुकान शोधत बसले. मी दोनदा "चला, पुढे जाऊ" म्हटलं. शेवटी अकरा वाजले आणि सगळे उठले.

तिसरी गोष्ट मला जास्त सलते. या जगात २०१८ च्या डेन्व्हर तहानंतर अमेरिकेच्या पश्चिमेचा मोठा भाग मूळनिवासी राष्ट्रांकडे परत गेलेला आहे. सिॲटल हे त्यांच्या सेलिश-शिधे प्रदेशाने वेढलेलं एक बेट उरलंय. कल्पना जबरदस्त आहे. पण खरी माणसं इथेच राहतात, त्यांच्या जमिनीवर मी राहतो, आणि मला हे पिसं-ढोल-मंत्र असं उथळ करायचं नाही.

तर जाणकारांनी सांगावं: प्रदेशाचं असं जाडजूड पुस्तक टेबलावर वापरायचं कसं? आणि खेळाडूंना ती जागा पुस्तकापेक्षा जास्त माहीत असेल तेव्हा काय करायचं?

प्रतिसाद १ (पुण्याहून)

दादा, तुम्ही दुसऱ्या शुक्रवारी जो अर्धा तास वाया गेला म्हणताय, तोच तुमचा पहिला खेळ होता. पाच माणसं न सांगता नकाशावर वाकली, अजून काय हवं?

मी इथून ऑनलाइन सिॲटल चालवते. आमच्यातल्या कुणीही ते शहर पाहिलेलं नाही, म्हणून मला पावसापासून सगळं सांगावं लागतं. तुमचं ते काम आधीच झालंय. त्यांना विचारा: तुझं घर होतं तिथे आता कोण राहतं? ग्रोसरीच्या दुकानात आता काय विकलं जातं? ज्याचं घर, त्याने उत्तर द्यायचं. पुस्तकातून फक्त एवढंच घ्या की हा भाग उजाड आहे. उजाड का झाला ते तुमच्या टेबलाला ठरवू दे.

आणि शेरे वाचून दाखवू नका, वाटून द्या. प्रत्येकाला एका भागाच्या पानाची झेरॉक्स द्यायची आणि त्याच्या पात्राच्या टोपणनावाने पेन्सिलीने दोन शेरे लिहून आणायला सांगायचं. एक खरा, एक ऐकीव. खरा कुठला ते तुम्हालाही सांगायचं नाही. मी हे केल्यापासून टेबलावर वाचन हा प्रकारच बंद झाला.

प्रतिसाद २ (टकोमाहून)

मी तुमच्या दक्षिणेला चाळीस-पन्नास मिनिटांवर. इथल्या जवळच्या पुयालप गावाबद्दल सांगतो, कारण पुस्तकात ती दुसरी उजाड वस्ती आहे. ज्वालामुखी फुटून राखेखाली गेलेली. ही कल्पना हवेतली नाही. रेनियर पर्वतावरून चिखलाचा लोंढा आला तर तो पुयालप नदीच्या खोऱ्यातून खाली येईल, आणि ऑर्टिंग गावात त्यासाठी भोंगे बसवलेले आहेत. त्याची चाचणी होते तेव्हा आवाज ऐका एकदा. तो आवाज टेबलावर सांगितलात की राखेचं वर्णन करायची गरज पडणार नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पुयालप हे आधी लोकांचं नाव आहे, मग गावाचं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ उदार, आल्यागेल्याचं स्वागत करणारे लोक असा सांगतात. त्यांच्याशी आणि शेजारच्या जमातींशी अमेरिकन सरकारचा १८५४ मध्ये मेडिसिन क्रीकचा तह झाला, १८५५ मध्ये इतरांशी पॉइंट इलियटचा. जमीन गेली, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क तहात राहिला. तो हक्क पुढे शंभर वर्षं पायदळी तुडवला गेला. नदीवर जाळी टाकली म्हणून लोकांना अटका झाल्या. शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा तह करणाऱ्या जमातींचा.

मला वाटतं तुमचं सेलिश-शिधे इथून सुरू व्हावं. ढोल-मंत्रांपासून नाही, तहाच्या कलमांपासून. या लोकांना कागद कसा वाचायचा ते नीट माहीत आहे. सीमेवरचा अधिकारी गूढ बोलणारा म्हातारा नसू दे. मत्स्यखात्यातली बाई असू दे, जिला कुठल्या कंपनीने नदीत काय सोडलं ते तारखेनिशी ठाऊक आहे आणि जिला त्याचा पुरावा हवाय. हे तुमच्या टोळीचं पहिलं काम होऊ शकतं.

अजून एक: पुस्तकातलं काउन्सिल आयलंड म्हणजे आपलं मर्सर आयलंड. आय-नव्वद महामार्गाच्या तरंगत्या पुलावरून जाताना डावी-उजवीकडे बघा आणि ही श्रीमंत घरं सेलिश-शिधेकडे गेलीत अशी कल्पना करा. मी दर वेळी करतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मत्स्यखात्यातली बाई उचलली! नदीतलं पाणी, बाटलीत भरलेला नमुना, आणि तो नमुना नाहीसा करायला निघालेली कंपनी. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग माझं पात्र त्या कंपनीत काम केलेलं असू दे.

सुरुवात कुठून करावी यावर विचार करतोय. ऑर्क अंडरग्राउंड डोक्यात आहे. १८८९ च्या आगीत खरं सिॲटल जळलं, नंतर रस्ते उंच करून बांधले आणि जुन्या दुकानांचे तळमजले जमिनीखाली गेले. पायोनियर स्क्वेअरला आजही तिकीट काढून खाली उतरता येतं. फुटपाथमध्ये जाड जांभळट काचेचे चौकोन बसवलेत, त्यातून खाली उजेड पडतो. खाली उभं राहिलं की वरून चालणाऱ्यांची पावलं दिसतात, माणसं दिसत नाहीत. खेळात तिथे ऑर्क राहतात. येत्या रविवारी पाचही जण मिळून तो दौरा करणार आहोत आणि शुक्रवारी तिथूनच खेळ सुरू.

मुलीचा एक प्रश्न राहिलाय. तिला हॅकर व्हायचंय आणि ती विचारते, २०५० मध्ये वायफाय का नाही?

प्रतिसाद १ (पुण्याहून)

कारण पुस्तक १९९० चं आहे. बिनतारी जाळं २००५ च्या चौथ्या आवृत्तीत आलं. पण तुम्ही २०५० सोडू नका. तारेचा फायदा असा की तिला घरबसल्या काही करता येत नाही. डेक, म्हणजे हॅकरचा संगणक, पाठीला लावून इमारतीत शिरायचं, भिंतीत जोडणीची जागा शोधायची, तार खोचायची. मग ती डोळे मिटून जाळ्यात असताना बाकीच्यांनी तिचं शरीर सांभाळायचं. सगळे एका खोलीत राहतात आणि प्रत्येकाला काम मिळतं.

प्रतिसाद ३ (बीडहून)

मी हा खेळ खेळलेलो नाही, धागा वाचत आलो. एक विचारतो. काम आणून देणाऱ्याला, टोळी जमवणाऱ्याला तुम्ही मराठीत काय म्हणता?

धागाकर्ता

खेळात त्याला फिक्सर म्हणतात. मी 'दलाल' म्हणून पाहिलं, पण त्याला वेगळाच वास येतो. 'मध्यस्थ' म्हटलं की कोर्टात बसल्यासारखं वाटतं. सध्या फिक्सरच म्हणतोय.

प्रतिसाद ३ (बीडहून)

मुकादम म्हणा. आमच्याकडे ऊसतोडीला तोच टोळी जमवतो, कारखान्याकडून पैसे आणतो, माणसांना आधी उचल देतो. एकदा उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत तुम्ही त्याचे. काम बिघडलं तर कारखाना तुमच्या दारात येत नाही, मुकादम येतो. आणि कारखान्याच्या साहेबाचं नाव टोळीतल्या कुणालाच ठाऊक नसतं.

धागाकर्ता

आमच्या 'मिस्टर जॉन्सन'चंही नेमकं हेच आहे. काम देणाऱ्या प्रत्येकाचं नाव जॉन्सन, खरं नाव कुणालाच माहीत नाही. ठरलं, मुकादम. आणि पहिल्या शुक्रवारी पैसे नाहीत, आधी उचल.