रकात मोजणारं यंत्र: सोय की नमाजात लुडबूड?

खाडीकाठ
अब्बांचा विसराळूपणा वाढलाय. जोहरच्या (दुपारच्या नमाजाच्या) चार फर्ज म्हणजे सक्तीच्या रकाती (नमाजाच्या फेऱ्या) पढताना तिसरी की चौथी यात अडकतात, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. हल्ली सजद्याच्या, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायच्या जागी ठेवायचं यंत्र मिळतं. कपाळ टेकलं की दाब कळतो, दोन सजदे झाले की एक रकात मोजली जाते. मी म्हणतो, घ्यावं. चष्मा लावून कुरआन वाचणाऱ्याला कोणी अडवतं का? पण मशिदीत विषय काढला तर दोघातिघांनी नाकं मुरडली.

मुअज्जिनचा नातू
मीही मुरडतो. शंका आली तर काय करायचं, ते आधीच सांगून ठेवलंय. तीन की चार कळेना, तर तीन धरा, चौथी पुरी करा आणि सलामाआधी (नमाज संपवण्याआधी) सजदा-ए-सहवचे, म्हणजे भुलीच्या भरपाईचे, दोन सजदे. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. माणूस भुलणार हे धरूनच ही सवलत दिलीय. पहिल्यापासून पढायची गरजच नाही, हे अब्बांना कोणी नीट समजावलंय का? नमाजात नजर सजद्याच्या जागी ठेवायची, आणि तुम्ही तिथेच आकडा चमकवणार!

खाडीकाठ
समजावलंय. थोड्या वेळाने तेही विसरतात. ‘तीन धरा’ म्हणायला तीन तरी आठवायला हव्यात ना.

रत्नागिरीकर
नाकं मुरडणाऱ्यांच्याच मोबाइलमध्ये नमाजाची वेळ सांगणारं ॲप असतं, हे गमतीचं. तेही आंधळेपणाने वापरतात. आपण कोकणातले बहुतेक शाफई पंथाचे. मूळ (भर दुपारची) सावली सोडून वस्तूएवढी सावली झाली की आपली असर (तिसऱ्या प्रहरची नमाज) सुरू, हनफी पंथाची दुपटीला. फरक तासाभराचा, पण सेटिंग कोण बघतो? किब्ल्याचंही (नमाजाच्या दिशेचंही) तेच. लोखंडी कपाटाशेजारी फोनचं होकायंत्र काहीही दाखवतं. त्यापेक्षा 28 मेला दुपारी 2:48 ला उन्हात उभे राहा. सूर्य तेव्हा काब्याच्या बरोबर डोक्यावर असतो, सूर्याकडे तोंड म्हणजे किब्ला. (ढग नसले तर!)

सोल्डरिंगवाली
तत्त्वाचं राहू द्या, यंत्राचं बघा. नुसता दाब मोजणाऱ्याला सजदा-ए-सहव कळत नाही. ते दोन जादा सजदे तो आणखी एक रकात धरणार. सलामाआधी ‘5’ दिसला तर अब्बा आणखी गोंधळतील. तिलावतीचा (कुरआनातल्या ठराविक आयती वाचल्यावरचा) सजदा एकच, तिथे हिशेब अर्धाच चुकतो. आणि गुडघे गेलेली माणसं खुर्चीवर पढतात, सजद्याला नुसती वाकतात. कपाळ टेकतच नाही, आकडा शून्यावर. म्हातारपणासाठीच घ्यायचं, तर आधी हे विचारा. वाकणं ओळखणारा सेन्सर असेल तरच पैसे घाला.

मुअज्जिनचा नातू
म्हणून म्हणतो, माणूस शेजारी उभा करा. तुम्ही इमामत करा (पुढे उभे राहून नमाज पढवा), अब्बा मागे.

खाडीकाठ
फजर, मगरिब, इशाला करतोच. जोहर-असरला मी कामावर.

खालापूरची भाची
मामीला, तुमच्या अम्मीला, उभं करा की अब्बांच्या मागे! इमाम चुकला तर पुरुषाने ‘सुब्हानल्लाह’ म्हणायचं, बाईने हातावर हात मारायचा, हे जुनंच आहे. बॅटरी लागत नाही.

खाडीकाठ
अम्मीला विचारलं. म्हणाली, “टाळी मारीन, पण ते ऐकतील कशावरून? पन्नास वर्षं ऐकलं नाही.” यंत्र मागवतोय, वाकणं ओळखणारं मिळालं तर.

मुअज्जिनचा नातू
मागवा. आकड्यावर फडकं टाकून फक्त थरथर जाणवेल असं असलं, तर माझी हरकत निम्मी.