मदत हवी आहे: कॉलेजचं मैदान भाडेकराराने जातंय, माजी विद्यार्थी हरकत घेऊ शकतात का?

कृष्णाकाठ_९७
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या कॉलेजचं मैदान संस्था ३० वर्षांच्या कराराने कुणाला तरी देतेय असं कळलं. तिथे मंगल कार्यालय आणि गाळे होणार. आमच्या बॅचच्या ग्रुपवर एरवी कुणाची मुलगी डॉक्टर झाली, कुणी व्हीआरएस घेतली, हेच चालतं. काल रात्रीपासून दुसरा विषय नाही. आमच्यातले बरेच जण त्या मैदानावर पळूनच पोलिसात आणि सैन्यात गेले. आजही पहाटे भरतीची पोरं तिथेच १६०० मीटर मारतात, मुली ८०० मीटरचा सराव करतात. तालुक्यात दुसरी जागा नाही. रविवारी मेळावा आहे, संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्याआधी काय करायचं? निवेदन द्यायचं की सरळ कोर्टात जायचं?

माणदेशी
दादा, कॉलेज अनुदानित आहे का? जमीन कुणाच्या नावावर आहे? करार झालाय की नुसता ठराव झालाय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

कृष्णाकाठ_९७
अनुदानित आहे. जमीन संस्थेचीच असणार ना!

तलाठी_कचेरी
'असणार' यावर जाऊ नका, सातबारा काढा. महाभूलेखवर गट नंबर टाकला की दिसतो. गाव नगरपालिकेत असेल तर मालमत्ता पत्रक बघा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर जमीन शासनाने अटींवर दिलेली असण्याची दाट शक्यता आहे. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि तुमचं अर्धं काम तिथेच होतं.

सातासमुद्रापार
मी मस्कतला असतो, कॉलेज वेगळं पण दुखणं तेच. माझं म्हणणं, आपण बाहेरचे सगळे मिळून पैसे उभे करू आणि संस्थेला देऊ. पैशाची अडचण आहे म्हणूनच मैदान देतायत.

लेखापरीक्षक
भावना चांगली आहे, पण सांभाळून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला वर्गमित्र देणार असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी. आणि पावती ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, मिळते का तेही विचारून घ्या.

कृष्णाकाठ_९७
देणगीचं नंतर बघू हो. हरकतीचं सांगा कुणीतरी.

जुना_खोखोपटू
खरं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे क्रीडा संचालक निवृत्त झाले, पद भरलंच नाही. निम्मे प्राध्यापक सीएचबीवर, तासाच्या हिशोबाने. मैदानावर गवत वाढलं आणि मग 'पडीक जागा' म्हणून ठराव झाला. आधी पदं भरायला लावा, मैदान आपोआप वाचेल.

माणदेशी
काका, पदं भरेपर्यंत तिथे गाळे उभे राहतील. त्यांना रविवारच्या आत उत्तर हवंय.

जुना_खोखोपटू
ताई, मुळावर घाव घातल्याशिवाय काही होत नाही. मैदान वाचवून त्यावर शिकवायला माणूसच नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा.

वकीलसाहेब_सातारा
मूळ प्रश्नावर येतो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ लागू होतं. विक्री असो वा बिगरशेती जागेचा ३ वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मुदत १० वर्षं आहे. तुमचा करार ३० वर्षांचा, म्हणजे परवानगीशिवाय तो टिकणार नाही. माहिती लपवून घेतलेली परवानगी रद्दही होऊ शकते.
आता सांगा, तुमच्यापैकी कुणी संस्थेचा सभासद आहे का? संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल तर हितसंबंधित व्यक्ती म्हणून सभासदाला थेट उभं राहता येतं. नुसत्या माजी विद्यार्थ्याला 'तुमचा काय संबंध?' असं विचारलं जाईल.

जुना_खोखोपटू
ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांचा संबंध नाही?

वकीलसाहेब_सातारा
मला मान्य आहे हो, पण सुनावणीत कागद लागतो. तुमचा माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का?

कृष्णाकाठ_९७
संघाचं मेळाव्याच्या वेळी बॅनर लागतं, नोंदणीचं माहीत नाही. पण आमचे एक निवृत्त सर संस्थेचे आजीव सभासद आहेत. त्यांच्याशी आत्ताच बोललो. त्यांनाही ठराव दाखवलेला नाही.

वकीलसाहेब_सातारा
मग त्यांच्याच सहीने अर्ज. धर्मादाय कार्यालयात कलम ३६ खाली प्रकरण दाखल आहे का ते बघा, असेल तर नक्कल मागा आणि हरकत तिथेच नोंदवा. कॉलेजला माहिती अधिकाराचा अर्जही टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून त्याच्यावर थांबू नका. रविवारी स्टेजवर भांडू नका. ठरावाची प्रत सगळ्यांसमोर लेखी मागा आणि पोच घ्या.

माणदेशी
आणि भरतीची पोरं-पोरी, त्यांचे आईवडील यांनाही मेळाव्याला बोलवा. मैदान आज त्यांचं आहे. निवेदनावर पहिल्या सह्या त्यांच्या घ्या.

कृष्णाकाठ_९७
सातबारा मिळाला. वर्ग २ आहे! सर उद्या साताऱ्याला यायला तयार आहेत. वकीलसाहेब, जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज वेगळा करायचा का?

तलाठी_कचेरी
वेगळाच. त्याआधी तलाठ्याकडून मूळ वाटपाच्या आदेशाचा फेरफार नंबर घ्या. जमीन कोणत्या कारणासाठी दिली होती ते त्या आदेशात असतं. 'क्रीडांगण' किंवा 'शैक्षणिक प्रयोजन' असेल तर तीच ओळ अर्जात सगळ्यात वर टाका.