डिपॉझिट कापलं जात नाही, अडतं
मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलातून निघाल्यावरही चेक-इनला कार्डावर घेतलेलं डिपॉझिट परत आलेलं का दिसत नाही, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा ते कापलेलं नसतं, बँकेने नुसतं अडवून ठेवलेलं असतं (यालाच होल्ड किंवा ऑथरायझेशन म्हणतात). खरी गडबड चेक-आउटला होते. जुन्या होल्डमधून बिल वळतं न करता कार्ड नव्याने स्वाइप करतात आणि दोन्ही रकमा अडकतात. म्हणून "आधीच्याच ऑथरायझेशनवर बिल घ्या" असं स्पष्ट सांगा. नव्याने घेतलंच, तर होल्ड रद्द केल्याची स्लिप काउंटरवरच मागा. तिच्यावरचा अप्रूव्हल कोड (व्यवहाराचा मंजुरी क्रमांक, सहसा ६ अंकी) बँकेला दिला की रक्कम लवकर सापडते. डेबिट कार्ड मात्र डिपॉझिटला देऊच नका, खात्यातले पैसेच अडकतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा घटते.