मदत हवी आहे: शांघायची कादंबरी वसाहतोत्तर नजरेने कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी चिनी कादंबरीकार माओ दुन यांची 'मिडनाइट' (१९३३) वाचतेय. सुरुवातीलाच शांघायची संध्याकाळ, नदीवरचा पूल आणि निऑनची झगझगीत पाटी: 'लाइट, हीट, पॉवर'. मूळ चिनी मजकुरातही हे शब्द इंग्रजीतच आहेत. तिथेच मी अडकलेय. शहराकडे बघणारी कादंबरीची ही नजर पाश्चात्त्य झगमगाटाने दिपलेली म्हणायची की त्याखाली दबलेली?

आपल्यासारखं तिथे एकाच परक्याचं राज्य नव्हतं. परक्यांच्या कारभाराखालची आंतरराष्ट्रीय वसाहत वेगळी, फ्रेंचांची वेगळी, उरलेलं शहर चिनी. चिनी साहित्याचे अभ्यासक लिओ ओउ-फान ली यांच्या मते तिथले लेखक पाश्चात्त्य गोष्टी उचलूनही मनाने चिनीच राहिले. दुसऱ्या अभ्यासक शू-मेई शी मात्र 'अर्धवसाहती'वर, म्हणजे देश पूर्ण ताब्यात न घेता अनेक परक्या सत्तांनी तुकड्यातुकड्यांनी गाजवलेल्या वर्चस्वावर, बोट ठेवतात. मला शींचं जास्त पटतं. त्या रस्त्यांवर इंग्रजांनी आणलेले शीख पोलीस उभे होते, हे डोळ्यांसमोरून हलतच नाही.

आणि शांघायच्या 'बंड' या नदीकाठच्या रस्त्यावरची १९२९ची ससून हाउस ही इमारत? आपल्या ससून डॉकचं तेच घराणं! मुंबई-शांघाय एकत्र ठेवून मराठीत कुणी लिहिलंय का? चिनी कथांमधल्या शीख पोलिसांबद्दल काही वाचलं असेल तर तेही कृपया सांगा. जुना दिवाळी अंक असला तरी चालेल, मी शोधून काढेन.