'पझल अँड ड्रॅगन्स'ची गंगहो कंपनी: ही वाढ नेमकी कशातून आली?

मधुरा_पुणे (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका लहान मोबाइल गेम स्टुडिओत आर्थिक नियोजनाचे काम पाहते आणि त्या निमित्ताने जपानी गेम कंपन्यांचे वार्षिक अहवाल नेहमी वाचत असते. टोकियोतील गंगहो ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीचे आकडे वाचल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. 2011 साली या कंपनीची विक्री सुमारे 960 कोटी येन होती. पुढच्या वर्षी ती सुमारे 2,580 कोटींवर गेली आणि 2013 मध्ये सुमारे 16,300 कोटींवर पोहोचली. त्या वर्षीचा कार्यकारी नफा सुमारे 9,120 कोटी येन होता, म्हणजे विक्रीच्या निम्म्याहून अधिक. मे 2013 मध्ये काही काळ कंपनीचे बाजारमूल्य निन्टेंडोच्याही पुढे गेले होते.

'पझल अँड ड्रॅगन्स' या एका खेळाने हे सारे घडवले, असे जवळजवळ प्रत्येक लेखात लिहिलेले असते. ते खरे असले तरी पुरेसे वाटत नाही, कारण त्या काळात जपानमध्ये शेकडो कंपन्या फोनवरचे खेळ काढत होत्या. गंगहोची काही पूर्वतयारी होती का? आणि 2014 मध्ये सुमारे 17,300 कोटी येनांचा टप्पा गाठल्यावर विक्री पुढील चार वर्षांत जवळपास निम्म्यावर का आली? आमच्याकडे 'एक मोठा खेळ लागला की पुढचे आपोआप होईल' या भरवशावर निर्णय घेतले जातात, त्यामुळे मला याचे उत्तर मनापासून हवे आहे.

सदानंद_टोकियो

मधुराताई, प्रश्न उत्तम विचारला आहे. गंगहोचा इतिहास 2012 पासून सांगितला जातो, आणि सगळा गैरसमज तिथेच सुरू होतो.

ही कंपनी 1998 मध्ये 'ऑनसेल' या नावाने स्थापन झाली. सॉफ्टबँक आणि एक अमेरिकी लिलाव संकेतस्थळ यांच्या भागीदारीतून ती निघाली होती आणि तिचे काम इंटरनेटवर लिलाव चालवण्याचे होते. तो व्यवसाय जपानमध्ये रुजला नाही. 2002 मध्ये कंपनीने नाव बदलले आणि कोरियातील ग्रॅव्हिटी कंपनीचा 'रॅग्नारोक ऑनलाइन' हा संगणकावरील बहुखेळाडू खेळ जपानमध्ये चालवायला घेतला. अध्यक्ष काझुकी मोरिशिता यांच्या नेतृत्वाखाली पुढील दहा वर्षे कंपनीचा मुख्य उद्योग हाच होता. 2005 मध्ये ओसाका शेअर बाजारात तिची नोंदणी झाली आणि 2008 मध्ये तर ज्या ग्रॅव्हिटीचा खेळ ती चालवत होती, त्याच कंपनीतील बहुसंख्य हिस्सा तिने विकत घेतला.

ही दहा वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. ऑनलाइन खेळ चालवणे म्हणजे रोज सर्व्हर सांभाळणे, दर आठवड्याला काहीतरी नवे देणे, फसवणूक करणाऱ्यांना शोधून काढणे, बिघाड झाला की खेळाडूंची रीतसर माफी मागून भरपाई देणे. खेळ एकदा विकून मोकळे होणाऱ्या कन्सोल कंपन्यांना हे काम नवे होते, तर गंगहोच्या लोकांच्या ते अंगवळणी पडले होते. 'पझल अँड ड्रॅगन्स'मध्ये देखभालीला उशीर झाला की सर्व खेळाडूंना एरवी पैसे देऊन घ्यावे लागणारे 'जादूचे दगड' मोफत वाटले जात. अशा भरपाईच्या दगडांची जपानी खेळाडूंना इतकी सवय झाली, की पुढे तो सगळ्याच कंपन्यांचा रिवाज होऊन बसला.

दुसरी बाजू फोनची. जपानी दूरसंचार कंपनी एनटीटी डोकोमोची 'आय-मोड' ही मोबाइलवरील इंटरनेट सेवा फेब्रुवारी 1999 मध्ये सुरू झाली होती. मोबाइलच्या बिलातूनच पैसे कापले जात, डोकोमो त्यातले 9 टक्के ठेवून घेई आणि उरलेले आशय पुरवणाऱ्याला मिळत. फोनवरच्या किरकोळ गोष्टीसाठी दरमहा काही शे येन देण्यात जपानी ग्राहकाला वावगे वाटत नव्हते, ते या सवयीमुळे. ग्री आणि डीएनए या कंपन्या साध्या फोनच्या ब्राउझरवरील खेळांतून याच सवयीवर मोठ्या झाल्या. स्मार्टफोन आले तेव्हा मात्र त्यांचा सारा डोलारा जुन्या पद्धतीवर उभा होता. गंगहोकडे फोनच्या जगात राखण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून ती थेट टचस्क्रीनसाठी खेळ रचू शकली, असे माझे मत आहे.

खेळरचना_नाशिक

सदानंदरावांनी पार्श्वभूमी चांगली मांडली आहे. मी खेळाच्या रचनेविषयी लिहितो, कारण आकड्यांचे मूळ तिथे आहे.

'पझल अँड ड्रॅगन्स' 20 फेब्रुवारी 2012 रोजी आयफोनवर आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडवर. दाइसुके यामामोतो हे त्याचे मुख्य रचनाकार. ते हडसन या जुन्या जपानी गेम कंपनीतून आलेले होते. पटावर सहा स्तंभ आणि पाच ओळी असतात, त्यांत अग्नी, जल, वृक्ष, प्रकाश, अंधार आणि हृदय असे सहा प्रकारचे गोळे. सारखे तीन गोळे जुळले की आपले राक्षस समोरच्या शत्रूवर हल्ला करतात. इथवर नवे काही नाही. फरक असा, की इतर खेळांत गोळा शेजारच्या गोळ्याशी फक्त एकदा अदलाबदल करता येई, तर इथे एक गोळा बोटाने धरून ठरावीक वेळ, सुरुवातीला चार सेकंद, पटावर हवा तसा फिरवता येतो. तो जाईल त्या वाटेवरचे गोळे सरकतात आणि कुशल खेळाडू एकाच हालचालीत सहा-सात जोड्या जुळवतो.

यातून दोन गोष्टी साधल्या. रेल्वेत उभ्याने, एका हातात फोन धरून, दोन स्थानकांच्या मधल्या वेळात एक लढाई खेळता येऊ लागली, आणि टोकियो-ओसाकासारख्या शहरांत अशा खेळाला किती वाव आहे हे वेगळे सांगायला नको. दुसरे म्हणजे बोटांचे कौशल्य खरोखर उपयोगी पडू लागले. त्या काळातील कार्डांचे बहुतेक खेळ बटण दाबत राहण्याचे होते, त्यांत जास्त पैसे भरणारा जिंकत असे. इथे मात्र मोफत खेळणाराही सरावाने फार पुढे जाऊ शकत होता. म्हणून पैसे न भरणाऱ्यांची प्रचंड संख्या टिकून राहिली आणि आपल्या राक्षसांची चर्चा करायला भरणाऱ्यांनाही सोबत मिळाली. जपानमध्ये मार्च 2013 मध्ये डाउनलोडची संख्या 1 कोटीवर गेली आणि ऑक्टोबरमध्ये 2 कोटींवर. सुमारे पावणेतेरा कोटी लोकसंख्येच्या देशात ही संख्या केवढी आहे, याचा विचार करा.

उत्पन्न जादूच्या दगडांतून येई. हरलेली लढाई पुढे चालू ठेवायला, संपलेली शक्ती भरून काढायला, राक्षस ठेवण्याची जागा वाढवायला आणि राक्षस देणाऱ्या दुर्मीळ अंड्याची सोडत काढायला ते लागत. या सोडतीला जपानमध्ये गाचा म्हणतात. नाणे टाकून मूठ फिरवली की खेळण्याची डबी देणाऱ्या यंत्रांचे ते नाव. कमाईचा मोठा भाग या सोडतीचा होता, हे मान्य करावे लागेल.

हिशेबनीस_ठाणे

शेवटचे वाक्य निसटते राहू नये असे मला वाटते, कारण गंगहोच्या वाढीत कायद्याचाही हात आहे.

मे 2012 मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने 'कंप्लीट गाचा' या प्रकाराबद्दल आपली भूमिका जाहीर केली. त्यात सोडतीतून ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला, की एक अतिदुर्मीळ वस्तू मिळत असे. तो संच पूर्ण करण्याच्या नादात लहान मुलांनीही पालकांच्या नकळत मोठ्या रकमा खर्च केल्याच्या तक्रारी होत्या. बक्षीस आणि जाहिरातीसंबंधीच्या कायद्याखाली हा प्रकार बेकायदा ठरतो, असे संस्थेने स्पष्ट केले; नवे निकष 1 जुलैपासून लागू झाले. बातमी येताच ग्री आणि डीएनएचे शेअर कोसळले. 'पझल अँड ड्रॅगन्स' तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता आणि त्याची कमाई या प्रकारावर अवलंबून नव्हती. प्रतिस्पर्धी आपली व्यवस्था दुरुस्त करण्यात गुंतले असताना गंगहोला मोकळे मैदान मिळाले.

पुढे गंगहोही सुटली नाही. राक्षसांच्या सोडतीविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल याच संस्थेने 2017 मध्ये तिला आदेश दिला आणि 2018 मध्ये सुमारे 5 कोटी येनांचा दंड आकारला. विक्रीच्या मानाने रक्कम नगण्य आहे, परंतु खेळाडूंच्या विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात अशी नोंद मला गंभीर वाटते. मुले खेळतात त्या खेळात सोडतीची जाहिरात नितळ असलीच पाहिजे.

मधुराताईंच्या कामाचा एक मुद्दाही सांगतो. खेळाडूंनी विकत घेतलेले पण न वापरलेले दगड जपानी कायद्यानुसार आगाऊ भरणा मानले जातात. मार्च आणि सप्टेंबरअखेर अशी शिल्लक 1 कोटी येनांहून अधिक असेल, तर तिच्या निम्मी रक्कम कंपनीला अनामत ठेवावी लागते किंवा तेवढी हमी द्यावी लागते. 2013 चा नफा एवढा मोठा दिसतो तो विक्रीतून ॲपल आणि गूगलचे सुमारे 30 टक्के वजा जाऊनसुद्धा. ते जमले, कारण खेळ आधीच तयार होता आणि एक खेळाडू वाढल्याने खर्च जवळजवळ वाढत नव्हता. हेच गणित उलट्या दिशेनेही तितक्याच वेगाने फिरते.

मधुरा_पुणे

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कायद्याचा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. एक शंका उरते: हाती एवढा पैसा असताना कंपनीने दुसरा मोठा खेळ का उभा केला नाही?

सदानंद_टोकियो

प्रयत्न झाले. जानेवारी 2013 मध्ये तिने ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर हा नावाजलेला स्टुडिओ घेतला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फिनलंडच्या सुपरसेलच्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'बरोबर संयुक्त उपक्रम झाला आणि ऑक्टोबरमध्ये सॉफ्टबँक व गंगहो यांनी मिळून सुपरसेलचा 51 टक्के हिस्सा सुमारे 15,150 कोटी येनांना घेण्याचे जाहीर केले. 'पझल अँड ड्रॅगन्स'च्या आवृत्त्या निन्टेंडोच्या 3डीएस यंत्रावरही आल्या. 2015 मध्ये तर मारिओची पात्रे घेऊन एक आवृत्ती निघाली. पण परदेशांत जपानसारखे यश कुठेच मिळाले नाही आणि मायदेशात तोवर स्पर्धक उभा राहिला होता.

तो स्पर्धक म्हणजे मिक्सी. 2004 पासून समाजमाध्यम चालवणारी ही कंपनी फेसबुक आणि ट्विटरपुढे मागे पडत होती. ऑक्टोबर 2013 मध्ये तिने 'मॉन्स्टर स्ट्राइक' आणला. रचनाकार योशिकी ओकामोतो हे पूर्वी कॅपकॉम या गेम कंपनीत होते. शेजारी बसलेल्या चौघांनी मिळून खेळायचे, हे त्याचे वैशिष्ट्य. मार्च 2014 अखेर मिक्सीची वार्षिक विक्री सुमारे 1,210 कोटी येन होती; दोन वर्षांनी ती 20,000 कोटींच्या पुढे गेली. मित्र-मैत्रिणींच्या ओळखीतून प्रसार कसा होतो, हे मिक्सीला आधीपासून माहीत होते, आणि शाळा-महाविद्यालयांतील तरुण गट तिकडे वळले.

2016 च्या उन्हाळ्यात सॉफ्टबँकेने गंगहोतील आपला बहुतेक हिस्सा गंगहोलाच सुमारे 7,300 कोटी येनांना परत विकला आणि त्याच सुमारास सुपरसेलही टेन्सेंट या चिनी कंपनीच्या गटाकडे गेली. एवढी रोकड नव्या खेळांत घातली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

तरीही 2018 मधील सुमारे 9,200 कोटी येनांच्या आकड्याकडे मी निव्वळ अपयश म्हणून पाहत नाही. तो 2011 च्या नऊ पटींहून अधिक आहे आणि त्याच्या तळाशी सहा वर्षे जुना खेळ आहे, ज्यात तेव्हाही दर आठवड्याला नव्या लढाया येत होत्या. शिवाय 2008 मध्ये घेतलेल्या ग्रॅव्हिटीने पुढे आधार दिला. 2017 पासून 'रॅग्नारोक'च्या मोबाइल आवृत्त्या आशियात चालू लागल्या आणि ग्रॅव्हिटीची विक्री गंगहोच्या एकत्रित हिशेबात येत असल्याने 2019 मध्ये एकूण आकडा पुन्हा 10,000 कोटींवर गेला. तुमच्या स्टुडिओत हे आकडे मांडणार असाल, तर मूळ कंपनीचा आणि ग्रॅव्हिटीचा वाटा वेगळा काढून दाखवा, कारण एकत्रित आलेखात मूळ खेळाची उतरती कमाई झाकली जाते.