मैल, यार्ड, इंच आणि मायक्रॉन एकाच शीटमध्ये: आकडे का जुळत नाहीत?

मोजपट्टी:
एका स्प्रेडशीटमध्ये मायक्रॉन (मीटरचा दहा लाखावा भाग), मिलिमीटर, फूट-इंच आणि मैल-यार्ड अशी सगळी मापं एकत्र आली आहेत. सगळं किलोमीटरमध्ये आणायचंय, आणि लागेल तेव्हा परत मूळ एककात न्यायचंय. नमुन्याला एक ओळ: ३ मैल ४२५ यार्ड २ फूट ७ इंच.

मैल १.६०९ किमी, यार्ड ०.९१४ मी, फूट ३०.५ सेमी आणि इंच २.५४ सेमी धरून ५.२१६२३७८ किमी आले. तेच १ मीटर = ३९.३७ इंच धरून उलट फिरवलं तर २,०५,३६३.२८ इंच येतात. मूळ ओळ २,०५,४११ इंचांची आहे. जवळजवळ चार फूट गेले कुठे?

दुसरा प्रश्न: मायक्रॉनचे किलोमीटर करताना शून्यं हमखास चुकतात. सोपी रीत कोणती? आणि ३८ मायक्रॉन जाडीच्या फिल्मचे ४२,००० थर म्हणजे १.५९६००० मी, असं लिहिलेलं चालेल का?

वर्निअर:
प्रत्येक एककाला वेगळा गुणक लावलात आणि प्रत्येक गुणक आधीच राउंड केलेला. मैल १.६०९३४४ किमी आहे, तिथे तीन मैलांत १.०३२ मी गेले. यार्ड ०.९१४४ मी, तिथे आणखी १७ सेमी. फुटाची चूक (३०.४८ ऐवजी ३०.५) उलट दिशेची, पण अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, म्हणून हिशेबात दिसत नाही. परतीच्या वाटेवर ३९.३७ ने आणखी ०.४ इंच खाल्ले.

१९५९ पासून आंतरराष्ट्रीय यार्ड बरोबर ०.९१४४ मी आहे, त्यामुळे इंच बरोबर २५.४ मिमी. पुढे दशांश नाहीतच. फूट, यार्ड, मैल सगळे इंचाच्या पूर्णांकी पटीत. मग गुणक एकच ठेवा आणि तो एकदाच वापरा:

३ × १७६० + ४२५ = ५,७०५ यार्ड
५,७०५ × ३ + २ = १७,११७ फूट
१७,११७ × १२ + ७ = २,०५,४११ इंच
२,०५,४११ × २५.४ = ५२,१७,४३९.४ मिमी = ५.२१७४३९४ किमी

परत येताना २५.४ ने भागा, मग १२, ३ आणि १७६० ने क्रमाने भागत प्रत्येक वेळी बाकी बाजूला काढा. बाकी ७, २, ४२५ आणि वर ३ मैल उरले की हिशेब पक्का. ३९.३७ किंवा ३.२८ सारखे उलटे गुणक वापरूच नका, ते बहुधा तोडलेलेच असतात. ३.२८ ने एका किलोमीटरमागे पाऊण फुटाहून जास्त फरक पडतो.

शून्यमोजणी:
शून्यं मोजायची नाहीत, घातांक वजा करायचे. मायक्रो −६, मिली −३, सेंटी −२, मूळ मीटर ०, किलो +३. ज्या एककातून निघालात त्याच्या घातांकातून जिथे जायचंय त्याचा वजा करा. मायक्रॉन ते किमी: −६ − ३ = −९. म्हणून ३८ मायक्रॉन = ३८ × १० चा −९ वा घात किमी. चूक बहुतेक वेळा सेंटीपाशी होते, कारण बाकी सगळे तीन-तीनच्या पायरीने जातात आणि हा एकटा मध्येच बसलाय. सेमी ते किमी पाच घरं, सहा नव्हे. क्षेत्रफळ असेल तर घातांक दुप्पट: चौरस मिमी ते चौरस मी सहा घरं.

फिल्मचं म्हणाल तर १.५९६००० लिहू नका. एककबदल अचूक आहे, माप नाही. ३८ हा जवळच्या मायक्रॉनपर्यंतचा आकडा असेल तर खरी जाडी ३७.५ ते ३८.५ मध्ये कुठेही असू शकते, आणि ४२,००० थरांत तीच चूक ४२,००० वेळा जमा होते: १.५७५ ते १.६१७ मी. १.६ मी एवढंच प्रामाणिक उत्तर. याहून बारीक हवं असेल तर एक थर मोजू नका. शंभर थर एकत्र मोजा आणि भागा.

बिटबायट:
शीटमध्ये आणखी काही सापळे आहेत. ५ फूट ११ इंच हे ५.११ असं भरलं की १८०३.४ मिमीऐवजी १५५७.५ होतात. ५-११ भरलं तर शीट त्याची तारीख करून टाकते. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांतच ठेवा. एकक बदलून देणारं शीटचं कन्व्हर्ट फंक्शन वापरत असाल तर अक्षरं बघून टाका: मिलिमीटरच्या संक्षेपातला पहिला एम कॅपिटल पडला की ते मेगामीटर (१० लाख मीटर) समजतं, चूक १०० कोटी पट, आणि एरर काही येत नाही. राउंड फक्त शेवटच्या रकान्यात. मधल्या सेलला दोनच दशांश दिसत असले तरी आत पूर्ण आकडा असतो, तो असू द्या.

पुढे हे प्रोग्राममध्ये नेणार असाल तर सगळी मापं नॅनोमीटरमध्ये (मीटरचा अब्जावा भाग) पूर्णांकात साठवा. १/६४ इंचसुद्धा बरोबर ३,९६,८७५ नॅनोमीटर होतो. ६४ बिटांच्या पूर्णांकात सुमारे ९२ लाख किमी मावतात. ३२ बिटांत मिलिमीटर ठेवले तर २,१४७ किमीपुढे ओव्हरफ्लो (आकडा मावत नाही आणि बिघडतो), आणि सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये (दशांश आकडे ३२ बिटांत साठवायची पद्धत) १६.७७७ किमीपुढे सगळे मिलिमीटर अचूक राहत नाहीत.

मोजपट्टी:
इंचाच्या रीतीने सगळ्या ओळी जुळल्या. फक्त अमेरिकेच्या जुन्या नकाशांवरून घेतलेले निर्देशांक (जागा दाखवणारे आकडे) फुटात आहेत, तिथे मीटरच्या आकड्यांशी काही फुटांचा फरक उरतोय. अंतरं बरोबर, जागा सरकलेली.

वर्निअर:
तो सर्व्हे फूट, म्हणजे अमेरिकेत जमीन मोजणीसाठी वापरलेला वेगळा फूट. तिथे १ मीटर बरोबर ३९.३७ इंच धरतात, म्हणून फूट = १२००/३९३७ मी. आंतरराष्ट्रीय फुटाशी फरक दहा लाखात दोन. छोट्या अंतरात दिसत नाही, पण निर्देशांक २० लाख फुटांचा असला की ४ फूट सरकतो. २०२२ अखेर तो अधिकृतपणे बंद झाला, जुन्या डेटात मात्र आहेच. ओळखायचं असेल तर नकाशाच्या प्रोजेक्शनच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची रीत) माहितीत फॉल्स ईस्टिंग बघा, म्हणजे पूर्वेकडच्या निर्देशांकात मुद्दाम मिळवलेला ठरावीक आकडा. ते ६,००,००० मी असेल आणि फुटात १९,६८,५०० लिहिलं असेल तर सर्व्हे फूट, १९,६८,५०३.९३७ असेल तर आंतरराष्ट्रीय.