बीटल्सची ७८ ची तबकडी: नाशकात सुई कुठे मिळेल?

मदत हवी आहे. काकांच्या पंचवटीतल्या वाड्याचा माळा आवरताना बीटल्सची ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी सापडली. चावीच्या ग्रामोफोनांमुळे आपल्याकडे बीटल्सच्या काळात, म्हणजे १९६० नंतरही, लाखेच्या ७८ निघत होत्या, त्यामुळे बनावट नसावी. कडेला केसाएवढी चीर, लेबलवर काकांची निळ्या शाईतली सही.

माझ्या प्लेअरची सुई एलपीची, म्हणजे बारीक खाचेच्या तबकड्यांची. ७८ च्या रुंद खाचेत ती तळाला घासते, नुसती खरखर. मेन रोड, रविवार कारंजा पालथं घातलं. एका दुकानदाराने तर स्पिरिटने पुसायला सांगितलं! लाख विरघळते हो त्यात.

नाशकात ७८ ची सुई बसवून देणारं कोणी आहे का, की मुंबईच गाठावी? आणि चीर असताना वाजवावी का? काका ८१ वर्षांचे आहेत, रोज विचारतात.